टाकीवरचे पंचावन्न आकडे

सोमवारी सकाळी नऊ वाजून एक मिनिटाने डोंगरावरच्या टाकीचा आकडा आला. चार मीटर बारा. गेला आठवडाभर कोऱ्या राहिलेल्या रकान्यात तो हिरव्या अक्षरांत येऊन बसला, आणि पाणीपुरवठ्याच्या त्या लांबट खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

"घ्या," नकाशेवाला म्हणाला. नळांचे नकाशे काढणं हे त्याचं काम, आणि त्यातून उरलेल्या वेळात सगळ्यांवर शेरे मारणं हा त्याचा छंद. "माणूस बदलला आणि मशीन शुद्धीवर आलं. उगाच बिचाऱ्या मशीनच्या नावाने खडे फोडत होते."

"मी म्हटलंच होतं," कोपऱ्यातून टंकलेखक बाई म्हणाल्या. "काकांचा डोळा लागत असणार. वय झालं की लागतो."

"डोळा लागायला हरकत नाही हो. पण आठवडाभर?"

दोघंतिघं हसले. मशीनताई हसली नाही. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण मुख्य कचेरीतलं ते युनिक्सवर चालणारं संगणकयंत्र अठरा वर्षं तिच्या हवाली असल्यामुळे सगळे तिला मशीनताईच म्हणत. तिने समोरच्या कागदात डोकं घातलं आणि वाचत असल्यासारखं केलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आकडा आला होता तो माणूस बदलल्यामुळे नव्हे. वीस मिनिटांपूर्वी तिने एका फाइलमधलं एक चिन्ह खोडलं होतं, म्हणून आला होता.

ती फाइल तशी एका पानात मावणारी. तिला नेटकॉन्फिग म्हणतात. आपल्या यंत्राने दुसऱ्या यंत्रांशी कोणकोणत्या वाटांनी बोलावं आणि आधी कोणती वाट धरावी, हे त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. टीसीपीची वाट फोनसारखी. पलीकडचा 'हो, ऐकलं' म्हणेपर्यंत बोलणारा सोडत नाही. यूडीपीची वाट पेटीत टाकलेल्या पत्रासारखी, टाकलं की टाकणारा मोकळा. आणि तळाशी दोन-तीन ओळी लूपबॅकच्या, म्हणजे यंत्राने स्वतःशीच बोलायच्या. ज्या ओळीच्या आरंभी हॅशचं चिन्ह घातलं, ती ओळ असून नसल्यासारखी. यंत्र तिच्याकडे बघत नाही.

यूडीपीच्या ओळीपुढे हॅश घातला होता तो मशीनताईने. तिच्याच बोटांनी, तिच्याच खुर्चीत बसून, मागच्याच्या मागच्या बुधवारी.

झालं होतं असं. सुरक्षा तपासणाऱ्यांचं परिपत्रक आलं होतं, की ज्या वाटा वापरात नाहीत त्या बंद कराव्यात. तिने आपली यादी काढली. गावाभोवती नऊ टाक्या, नऊंच्याही पुढे बरोबरची खूण. सगळीकडे नवी यंत्रं गेलेली, नवी यंत्रं टीसीपीने बोलणारी. मग यूडीपी कुणासाठी उघडी ठेवायची? तिने हॅश घातला आणि परिपत्रकावर 'पूर्तता केली' असं लिहून सही केली. त्यानंतर चार दिवस काही बिघडलं नाही, कारण आकडे घेणारी सेवा चालूच होती आणि चालू सेवा फाइल पुन्हा वाचत नाही. रविवारी टाक्यांवर कुणी नसतं, तेव्हा सेवा दर आठवड्याला बंद होऊन नव्याने सुरू होते. त्या रविवारी सेवेने नव्याने फाइल वाचली. सोमवारपासून डोंगरावरच्या टाकीचा रकाना कोरा.

ती टाकी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत उंच. तिथे एकच माणूस, टाकीकाका. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला झाकण उचलायचं, आतल्या भिंतीवरच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची, वहीत लिहायची आणि मग यंत्रावर टाकायची. दिवसाचे अकरा आकडे. एकतीस वर्षं. त्यांच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते सातचा आकडा घेऊन मग मांडवात गेले, असं लोक सांगत. खरंखोटं कुणी विचारलं नव्हतं, कारण काकांच्या बाबतीत ते खरंच वाटे.

त्या कोऱ्या आठवड्यातल्या बुधवारी काकांचा तिला फोन आला होता.

"मशीनताई, आकडे पोचतायत ना बरोबर? नाही, सहज विचारतो. इथे पडद्यावर 'पाठवलं' असं येतंय. पण खालून काल कुणीतरी म्हणालं, तुमचं काही दिसत नाही म्हणून."

"थांबा हं काका, बघते," ती म्हणाली होती, आणि बसल्या जागी तपासणीचा आदेश दिला होता. यंत्राने क्षणात उत्तर दिलं, सेवा तयार आहे. "सगळं ठीक आहे काका. तुम्ही टाकत राहा."

"मग बरं. तुम्ही म्हणता म्हणजे झालं."

तुम्ही म्हणता म्हणजे झालं. हे वाक्य त्या सोमवारी दिवसभर तिच्या मागे लागलं होतं. कारण आपल्याच यंत्रावर बसून आपल्याच यंत्राला हाक मारली, तर ते बाहेरची वाट घेतच नाही. ते लूपबॅकने, आतल्या आत, स्वतःलाच विचारतं आणि स्वतःलाच उत्तर देतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. नव्या मुलींना ती हेच पहिल्यांदा शिकवायची: तपासायचं ते दुसऱ्याच्या जागेवर जाऊन. पण दुसरी जागा म्हणजे खालच्या मजल्यावरचं यंत्र, त्यासाठी दोन जिने, आणि अठरा वर्षांत तिची तपासणी कधी चुकली नव्हती.

आकडा आला नाही तर आधीचा धरून चालायचं, असा तिथला रिवाज होता, म्हणून टाकीत जास्तीचं पाणी सोडलं गेलं नाही. गुरुवारी दुपारी डोंगरावरची टाकी तळाला गेली. उतारावरच्या वस्तीत दीड दिवस नळ कोरडे राहिले. बायका हंडे घेऊन कचेरीच्या दारात येऊन बसल्या. शुक्रवारी चौकशी लागली. मोठ्या साहेबांनी तिच्याकडून लेखी मागितलं आणि तिने सुबक अक्षरात लिहून दिलं: 'यंत्रणा तपासली असता दोष आढळला नाही.' एक शब्दही खोटा नव्हता. बुधवारच्या फोनबद्दल लिहिलं नाही, कारण तसं कुणी विचारलं नव्हतं.

काकांनी आपली वही खाली पाठवून दिली. नकाशेवाल्याने ती चाळली आणि म्हणाला, शाई एकच, अक्षर एकसारखं, एका बैठकीत बसून लिहिलीय. काकांचं अक्षर एकतीस वर्षं एकसारखंच होतं, हे त्या खोलीत कुणाला ठाऊक असणार? शनिवारी त्यांना भांडारात पाठवलं आणि त्यांच्याकडून माफीचं पत्र घेतलं.

सोमवारी सकाळी सुरक्षावाल्यांना फाइलींच्या प्रती हव्या होत्या म्हणून तिने नेटकॉन्फिग उघडली, आणि तो हॅश तिला दिसला. एवढासा. तिने टाक्यांची जुनी कागदपत्रं काढली. डोंगरावर नवं यंत्र गेलं होतं, हे खरं. पेटी भांडारातून बाहेर पडली त्या दिवशी तिने यादीवर खूण केली होती. पेटी गेली म्हणजे यंत्र बसलं, असं धरून. ते बसवल्याचा कागद मात्र कुठेच नव्हता. काका अजून जुन्याच यंत्रावर, यूडीपीनेच आकडे पाठवत होते. पत्रं पेटीत पडत होती आणि पेटीला तळ नव्हता.

तिने इकडेतिकडे पाहिलं. खोलीत अजून कुणी आलं नव्हतं. तिने हॅश खोडला, सेवा बंद करून पुन्हा सुरू केली, आणि देवाचं नाव घेऊन वाट बघत बसली. चूक सुधारली की सगळं आपोआप मार्गी लागेल, असं तिला त्या वीस मिनिटांत मनापासून वाटत होतं.

नऊ वाजता, काकांच्या जागी त्या दिवशी पहिल्यांदाच वर चढलेल्या बदली माणसाने पहिला आकडा टाकला. तो आला. आणि तिने गुपचूप केलेल्या त्या दुरुस्तीनेच काकांवरचा आळ पक्का झाला.

*

मशीनताईचा एक नेम होता. पहाटे अंघोळ करून देवासमोर अर्धा तास बसायचं आणि उठताना मनात म्हणायचं, आज खोटं बोलणार नाही, कुणाला लागेल असं बोलणार नाही. आजारपणात सुटला असेल तेवढाच. मंगळवारी ती बसली तेव्हा नेहमीसारखं सुरुवातीचं स्तोत्र झालं आणि पुढे शब्दच येईनात.

सोमवारपासून तिने तीनदा माफी मागितली होती. एकदा कचेरीतल्या जिन्यात, एकदा घरी येताना, एकदा निजण्याआधी. प्रत्येक वेळी लगेच हलकं वाटलं होतं. इतकं लगेच, की त्याचाच आता संशय येत होता. हाक मारायची आपणच, आणि 'सगळं ठीक आहे' म्हणायचंही आपणच. उठून कुठे जायला नको, जिने उतरायला नकोत.

ती अर्ध्यातच उठली.

स्वयंपाकघरात सासूबाई पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. डोळ्यांनी अधू झाल्यापासून त्यांचे कान फार तिखट झाले होते.

"आज लवकर उठलीस."

"मन लागलं नाही."

"बरं."

शेंगांचा आवाज तेवढा होत राहिला. मशीनताईने चहा टाकला, दोन कप भरले, एक त्यांच्या हाताशी सरकवला.

"हातून एक चूक झालीय कचेरीत," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या अंगावर गेली. माफी मागितली मी."

"कुणाची?"

"देवाची."

सासूबाईंनी एक शेंग उघडली, दाणे चाचपून पाहिले, किडका बाजूला टाकला.

"देव होता का तिथे कामाला?"

मशीनताईने आपला कप उचलून परत खाली ठेवला.

"मी खोटं नाही बोलले, आई. एक अक्षर नाही."

"तू कुठे बोलतेस खोटं," सासूबाई म्हणाल्या. "तुला गप्प बसता येतं ना, मग खोटं बोलायची वेळच येत नाही. चहात साखर विसरलीस."

त्या दिवशी कचेरीत ती साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेली. एकदा आत माणसं होती. दुसऱ्यांदा आत कुणी नव्हतं, तरी ती परत आली. जीभ रेटेना. अठरा वर्षांचं नाव होतं. कुठल्याही खोलीतलं यंत्र अडलं की लोक म्हणायचे, ताईंना बोलवा, त्यांची तपासणी चुकत नाही. आपण त्या नावाला किती चिकटून बसलो आहोत, हे तिला त्या दाराशी कळलं, आणि चुकीपेक्षा त्याचीच लाज जास्त वाटली.

दुपारी नकाशेवाला डबा खाताना म्हणाला, "काकांना भांडारात वायसर मोजायला लावलेत म्हणे. आता तिथे झोप आली तर निदान उशाला पोती तरी आहेत."

सगळे हसले. मशीनताईने डब्याचं झाकण लावलं.

*

बुधवारी सकाळी ती नेमाला बसलीच नाही. सासूबाईंना सांगून थेट निघाली आणि साहेबांच्या आधी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

मोठे साहेब समजूतदार गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हॅश म्हणजे काय, सेवा रविवारी का सुरू होते, आपली तपासणी आपल्यालाच कशी फसवते. मध्येच चष्मा काढून पुसला.

"म्हणजे तांत्रिक अडचण होती," ते म्हणाले.

"अडचण नव्हती, साहेब. मी होते."

"तेच हो. कागदावर तांत्रिक अडचण लिहू. यंत्राला नोटीस देता येत नाही आणि यंत्र रडत घरी जात नाही. काकांना परत टाकीवर पाठवतो, तुमच्या नावाला धक्का नको. झालं की नाही?"

तिला क्षणभर फार बरं वाटलं. उबदार गोधडी अंगावर ओढावी तसं. आणि त्या बरं वाटण्यानेच ती सावध झाली.

"काकांचं माफीचं पत्र आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. फाइलला लागलंय."

"ते काढता येईल?"

"नोंद झालेला कागद काढता येत नाही, ताई. तुम्हाला माहीत आहे."

"मग त्याच्यावर माझा कागद लावा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "विचार करा. तुमच्या नोंदवहीत शेरा येईल. बढतीची यादी लागायचीय."

"येऊ दे."

तिने तिथेच बसून लिहिलं. पहिल्या कागदावर 'ओळ बंद राहिली' असं आलं. तो तिने फाडला. दुसऱ्यावर सगळं बरोबर आलं, पण बुधवारचा फोन सुटला. तोही फाडला. तिसऱ्यावर लिहिलं: ओळ मी बंद केली. नवं यंत्र बसलं की नाही हे मी पाहिलं नाही. टाकीवरच्या कामगारांनी बुधवारी मला फोन करून विचारलं, तेव्हा मी जागेवरून न उठता 'ठीक आहे' असं सांगितलं. शुक्रवारच्या अहवालात मी हा फोन लिहिला नाही. सोमवारी चूक सापडली आणि मी ती कुणाला न सांगता सुधारली, त्यामुळे त्यांच्यावरचा दोष वाढला.

साहेबांनी वाचलं. "पत्र चौकशी समितीपुढे वाचावं लागेल," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"मीच वाचते."

चौकशी समिती म्हणजे ती लांबट खोलीच होती. साडेअकराला तिने ते उभ्याने वाचलं. आवाज शेवटच्या ओळीपर्यंत टिकला, मग फाटला. टंकलेखक बाईंनी पदर तोंडाशी नेला. नकाशेवाला पेन्सिलीला टोक करत राहिला. टोक केव्हाच झालं होतं, तरी तो फिरवतच होता. कुणीतरी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. टोमण्याला निदान मान खाली घालून उत्तर देता येतं.

*

भांडार तळघरात होतं. लोखंडी मांडण्या, तेलाचा वास, एक पिवळा दिवा. टाकीकाका एका उलट्या खोक्यावर बसून रबरी वायसरांचे आकाराप्रमाणे ढीग लावत होते. तिच्यासाठी काका कायम फोनवरचा एक आवाज होते. समोर पाहिला तर उंच, वाकलेला, नीट दाढी केलेला माणूस.

"मशीनताई ना? आवाजावरून ओळखलं. बसा, ते खोकं रिकामं आहे."

ती बसली नाही. उभ्यानेच सांगितलं. साहेबांना सांगितलं त्याहून थोडक्यात, कारण हॅशचं समजावून सांगायला लागली की आपण पुन्हा हुशार होतोय असं तिला वाटलं.

काकांनी हातातलं वायसर बोटांत फिरवलं.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले.

तिला वाटलं होतं ते रागावतील. त्याची तिने तयारी करून ठेवली होती. याची केली नव्हती.

"जेवल्यावर पाचेक मिनिटं डोळे मिटतो मी. खुर्चीतच. तीस वर्षांची सवय. लेकीने विचारलं, बाबा, खरं सांगा, पाचच मिनिटं का? मी म्हटलं, हो. मग रात्रभर विचार केला, की पाचच हे मला तरी कसं कळणार, झोपलेल्या माणसाला? सगळे म्हणतायत. ताईसुद्धा म्हणाल्या यंत्र ठीक आहे. मग मीच असणार. वहीत आकडे आहेत, पण म्हटलं, झोपेत लिहिले असतील. माणसाचं काय सांगावं." त्यांनी वायसर चुकीच्या ढिगात टाकलं, मग उचलून बरोबर ढिगात टाकलं. "म्हणून सही केली. उगाच नाही केली."

"काका, मला—"

"माफ करा असं म्हणू नका आत्ता. मला हो म्हणावं लागेल, आणि अजून तसं वाटत नाही."

"बरं."

"ते माझे आकडे कुठे आहेत मग? मी टाकलेले. यंत्रात कुठेतरी साठून असतील ना?"

"नाही, काका. ते कुठेच नाहीत. इथे घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून पडून गेले."

"पंचावन्न आहेत," काका म्हणाले. "पाच दिवसांचे. मोजलेत मी. गुरुवारी तर पाणी उतरताना दिसत होतं. एक चाळीस, एक दहा, शून्य सत्तर. मी म्हटलं, खाली बघतायत ना, बघून गप्प बसलेत म्हणजे काही कारण असेल." ते उठले. खिशातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली, चौकशीतून परत आलेली. "ते रकाने कोरे राहायला नकोत. मी निवृत्त झाल्यावर कुणी बघितलं तर म्हणेल, या आठवड्यात टाकीला माणूस नव्हता."

"मी इथूनच भरून टाकते. वही द्या."

"इथून नको," काका म्हणाले. "तिथून. माझ्या यंत्रावरून. तुम्ही चला वर."

*

डोंगराच्या पायऱ्या तिने मोजल्या नाहीत. मध्ये दोनदा थांबावं लागलं. काका पुढे होते. ते थांबले नाहीत, पण वरच्या वळणावर ती दिसेपर्यंत उभे राहिले. बदली माणूस तिसऱ्या प्रहरीच किल्ली देऊन खाली निघून गेला होता.

टाकीशेजारची खोली चार पावलांची होती. खुर्ची, खिडकी, भिंतीवर घड्याळ, जुनं यंत्र, त्याच्या कळफलकावरची आकड्यांची बटणं झिजून गुळगुळीत झालेली. आणि खिडकीखाली एक पुठ्ठ्याची मोठी पेटी, चिकटपट्टीसकट बंद. तिच्यावर काकांचा डबा, चष्म्याचं घर, एक घडी केलेला पंचा. पेटीच्या अंगावर भांडाराचा क्रमांक होता. तो मशीनताईला पाठ होता. त्याच क्रमांकापुढे तिने बरोबरची खूण केली होती.

"हे बसवायला माणूस येतो म्हणाले होते," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. मी टेबल केलं त्याचं."

काकांनी पेटीवरचा डबा उचलून तिच्यासाठी जागा केली, म्हणजे खुर्ची तिला दिली आणि स्वतः पेटीवर बसले. तिने खाली फोन लावला. टंकलेखक बाईंनी उचलला.

"डोंगराचा रकाना समोर ठेवा. एकेक आकडा दिसला की मला सांगायचं."

"पंचावन्न वेळा?"

"पंचावन्न वेळा."

काकांनी वही उघडली, चष्मा लावला. "पूर्वी आम्ही फोनवर आकडे द्यायचो तेव्हा एक पद्धत होती," ते म्हणाले. "खालचा माणूस आकडा पुन्हा म्हणून दाखवायचा आणि वर 'पोचलं' म्हणायचा. तो म्हणेपर्यंत मी पुढचा सांगायचो नाही. यंत्र आलं आणि ते गेलं. ते 'पाठवलं' म्हणतं. पाठवलं तर मलाही माहीत असतं की."

"मी म्हणते."

"सोमवार. सात वाजता. चार मीटर शून्य पाच."

तिने टाकला. पडद्यावर आलं, पाठवलं. ती थांबली. फोनमध्ये खालच्या खोलीतली पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग टंकलेखक बाईंचा आवाज आला, दिसला.

"चार मीटर शून्य पाच," मशीनताई म्हणाली. "पोचलं."

"आठ वाजता. चार मीटर शून्य एक."

मंगळवारच्या मध्यावर फोनमधला आवाज बदलला. टंकलेखक बाईंना दुसरं काम आलं होतं. नकाशेवाला बोलत होता. त्याने एकही शेरा मारला नाही, नुसतं "दिसला", "दिसला" म्हणत राहिला. काकांनी तो आवाज ओळखला असावा. त्यांनी वहीतून डोळे वर केले नाहीत.

गुरुवार आला तेव्हा खिडकीतलं ऊन पेटीवरून खाली उतरलं होतं.

"बारा वाजता. एक मीटर चाळीस."

"एक मीटर चाळीस. पोचलं."

"एक वाजता. एक मीटर दहा."

"एक मीटर दहा." खाली दारात हंडे घेऊन बसलेल्या बायका तिला दिसल्या. "पोचलं."

"दोन वाजता. शून्य सत्तर. यावेळी मी तीनदा टाकलं होतं," काका म्हणाले. "वहीत तीन रेघा आहेत, बघा."

तिने पाहिल्या. आकड्याशेजारी तीन बारीक उभ्या रेघा, एकमेकींना चिकटून, तिसरी जरा जोरात ओढलेली. शुक्रवारी ही वही सगळ्यांच्या हातांतून फिरली होती आणि कुणी या रेघांचा अर्थ विचारला नव्हता. तिनेही नाही.

"तीनदाच टाकू?" तिने विचारलं.

काकांनी थोडा विचार केला. "नको. एकदा पुरे. पोचला म्हणजे झालं."

तिने टाकला. फोनमध्ये नकाशेवाला म्हणाला, दिसला. मग जरा थांबून म्हणाला, "काकांना सांगा, दिसला."

तिने सांगितलं. काकांनी मान हलवली, बोट वहीतल्या पुढच्या ओळीवर ठेवलं आणि तिच्याकडे न बघता तिच्या उत्तराची वाट पाहत राहिले.

"शून्य सत्तर," ती म्हणाली. "पोचलं, काका."

"तीन वाजता," काका म्हणाले.